'गेमिंग' इअरफोन दोन हजारांत: पावलांची दिशा कळायला खरं काय लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. घराखालीच यंत्रमाग चालतात. फोनवर बीजीएमआय खेळतो, सुट्टीत मित्राकडे पीसीवर व्हॅलोरंट, दोन्ही गोळीबाराचे गेम. बजेट दीड ते दोन हजार. नवी पेठेत त्याला तीन वस्तू दाखवल्या. पहिला वायरचा, त्याला काढता-लावता येणारी माइकची दांडी आहे आणि बॉक्सवर '१३ एमएम ड्रायव्हर, ७.१ सराउंड' लिहिलंय. दुसरा बिनवायरचा, डबीवर दिवे लागतात आणि '४० एमएस गेमिंग मोड' छापलंय. तिसरा साधा काळा वायरचा, त्यावर गेमिंगचं नावही नाही. तो विचारतो, "दादा, पायाचा आवाज कुठनं यायलाय ते कळायला यातला कुठला घेऊ? फोनला गोल पिनचं भोक नाही."

उत्तर आधीच सांगतो. वायरचा घे. दोन वायरच्यांपैकी तुझ्या कानात जो घट्ट बसतो आणि दोन तास दुखत नाही तो घे. 'गेमिंग' हा शब्द निवड करताना बाजूला ठेव. तो शब्द छापण्यासाठी कुठलं प्रमाण ठरलेलं नाही की कसली चाचणी द्यावी लागत नाही. माझं काम ऑडिओ दुरुस्तीचं आहे, इअरफोन रोज टेबलावर उघडे पडलेले असतात. गेमिंगचा म्हणून विकलेला आणि गाण्यांचा म्हणून विकलेला शेजारी शेजारी उघडला तर आत तोच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, दिसतो: पातळ पडदा, त्याला चिकटलेली तांब्याची बारीक कॉइल, मागं चुंबक. 'ड्युअल ड्रायव्हर' छापलेल्या एका स्वस्त मालात तर एका कानात एकच ड्रायव्हर निघाला, दुसऱ्याच्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण होतं.

आता तुझ्या मूळ गोष्टीकडे येतो. दिशा कळते कशी हे एकदा समजलं की दुकानदार काहीही सांगो, तुझं तुलाच ठरवता येईल.

आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला आधी पोचतो आणि उजव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा असतो, तरी मेंदू तो पकडतो. वरच्या पट्टीच्या आवाजाला डोकं आडवं येतं, त्यामुळं तो पलीकडच्या कानात हळू ऐकू येतो. या दोन खुणांवर डावं-उजवं कळतं. पुढं की मागं, वरच्या मजल्यावर की खालच्या, हे मात्र बाहेरच्या कानाच्या वळ्यांमुळं कळतं. त्या वळ्यांवर आपटून आवाजाच्या वरच्या पट्ट्या दिशेप्रमाणं बदलतात. इन-इअर तर थेट कानाच्या नळीत बसतो, म्हणजे बाहेरच्या कानाला वगळूनच आवाज आत जातो. मग पुढं-मागं कळणार कसं? तो हिशोब गेमलाच करून द्यावा लागतो. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाचा पर्याय आहे तो याचसाठी. तो चालू ठेव.

म्हणजे इअरफोनचं काम एवढंच उरतं की गेमनं तयार केलेला डावा आणि उजवा आवाज मोडतोड न करता कानात पोचवणं. '७.१' ही सात स्पीकर आणि एका सबवूफरची मांडणी आहे. तुझ्या कानात दोनच ड्रायव्हर बसणार, त्यामुळं बॉक्सवरचं ७.१ हे ॲपमधून किंवा यूएसबीच्या छोट्या साउंड कार्डमधून केलेलं आभासी काम असतं. गेमचा एचआरटीएफ चालू असताना वरून तेही लावलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते. मग सगळं पोकळ, हॉलमध्ये बोलल्यासारखं होतं आणि दिशा पुसट होते. दोन्हींतलं एकच ठेवायचं, आणि ते गेममधलं.

डावं-उजवं नीट पोचतंय का हे दुकानातच तपासता येतं. फोनवर एखाद्या माणसाचं साधं बोलणं लाव, बातम्या किंवा भाषण, संगीत नको. आवाज बरोबर कपाळाच्या मधोमध वाटला पाहिजे. एका बाजूला सरकलेला वाटला तर इअरफोन डाव्याचा उजव्या कानात घालून पुन्हा ऐक. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष इअरफोनचा, जागचा हलला नाही तर तुझ्या कानाचा किंवा नीट न बसलेल्या रबराचा. नंतर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत ॲप घेऊन सूर हळूहळू खालून वर ने, आवाज एकदम कमी ठेवून. मध्येच तो डावीकडे झुकला, पुढं जाऊन उजवीकडे आला, असं होत असेल तर दोन ड्रायव्हर जुळलेले नाहीत. स्वस्त मालात दोष जास्त करून इथं निघतो. असला इअरफोन गाण्याला चालून जातो, पण पावलांच्या दिशेला चालत नाही, कारण तुझा मेंदू त्याच बारीक फरकावर अंदाज बांधत असतो.

रबराचं बोंड, ज्याला इअर टिप म्हणतात, त्याकडे कुणी बघत नाही आणि अर्ध्याहून जास्त तक्रारींचं मूळ तेच असतं. बॉक्समध्ये तीन मापं येतात. लोक मधलं बसवलेलं असतं तेच घालून "यात बासच नाही" म्हणत परत आणतात. बोंड आणि कानाची नळी यांच्यात फट राहिली की खालच्या पट्ट्या बाहेर निसटतात, आणि फट एकाच कानात असेल तर दोन्ही बाजूंचा तोल जातो. तपासायचं असं: इअरफोन घातल्यावर स्वतः बोलून बघ. दोन्ही कानांत आपला आवाज सारखाच घुमला आणि बाहेरची गजबज एकदम खाली गेली तर ठीक. कान मागं वर ओढून इअरफोन किंचित फिरवत आत सारायचा, नुसता ढकलायचा नाही. दोन्ही कानांना वेगळी मापं लागणं अगदी सर्रास दिसतं, त्यात संकोच करू नकोस. तिन्ही मापं बसली नाहीत तर वेगळी बोंडं सुटी मिळतात. फोमची घेतली तर ती घामानं लवकर खराब होतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुला सांगायला नको.

ड्रायव्हरचा आकार हा मुद्दा मी लवकर आटपतो, कारण त्यात फारसं काही नाही. १३ एमएम हा १० एमएमपेक्षा चांगला असं काही नसतं. मूनड्रॉप चू २, ७हर्ट्झ साल्नोट्स झिरो, तांगझू वानर, केझेड ईडीएक्स प्रो ही स्वस्तातली, जाणकारांनी नावाजलेली मॉडेलं सगळी एका १० एमएम डायनॅमिक ड्रायव्हरची आहेत, आणि यातलं कुठलंच मुळात गेमिंगचं म्हणून आलेलं नाही. '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हेही असंच. त्या टप्प्यात आवाज किती वर-खाली होतो हे डेसिबलमध्ये दिलं नसेल तर तो आकडा काहीच सांगत नाही.

महत्त्वाचं आहे ते ट्यूनिंग, म्हणजे कुठली पट्टी किती जोरात वाजते ते. गेमिंगच्या नावानं विकल्या जाणाऱ्या बऱ्याच इअरफोनांत बास फुगवलेला असतो, कारण दुकानात दोन मिनिटं ऐकताना बॉम्बचा धमाका छातीत बसला की गिऱ्हाईक खूश होतं. पण कानाचा स्वभाव असा आहे की जोराचा खालचा आवाज वरच्या पट्टीतल्या हळू आवाजाला झाकून टाकतो. ग्रेनेड फुटल्यावर त्याची घरघर रेंगाळत असताना शेजारच्या खोलीतलं पाऊल नेमकं त्याखाली जातं. पावलाची नुसती 'धप' खालच्या पट्टीत असते, पण ते लाकडावर पडलं की गवतावर, हे सांगणारी खरखर त्याच्या बरीच वर असते. ती स्पष्ट यायला हवी. उलट बाजूही आहे: काही इअरफोनांत वरची पट्टी इतकी टोकदार करतात की बंदुकीचा प्रत्येक बार कानात टोचतो. अर्ध्या तासात कान थकतात आणि मग माणूस आवाज कमी करतो, त्यात पावलंही जातात.

हे तपासायला बीजीएमआयचं ट्रेनिंग ग्राउंड चांगलं. मित्राला तुझ्याभोवती धावायला सांग, डोळे मीट, आणि तो कुठं आहे तिकडं बोट दाखव, दुसऱ्या कुणाला तरी ते बघायला सांगून. डावं-उजवं सगळ्याच इअरफोनांत जमेल. खरा कस लागतो तो तिरक्या दिशांना आणि अंतराला, म्हणजे 'उजवीकडे पुढं' आणि 'उजवीकडे मागं' यांतला फरक. मग दुसऱ्या मित्राला जवळच सतत गोळ्या झाडत राहू दे आणि हेच पुन्हा कर. ज्यात गोळीबारातही पाऊल सापडतं तो इअरफोन तुझा. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घे, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, आणि काउंटरवर कुठला मोठा वाजवायचा हे विकणाऱ्याला माहीत असतं.

बिनवायरच्याचं आता. उशीर हा त्यातला एक भाग झाला. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज सर्वसाधारण १५० ते २५० मिलिसेकंद मागं असतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे २०० मिलिसेकंदांत बारा फ्रेम निघून जातात. शत्रू कोपऱ्यावरून आत आलेला असतो आणि तुला त्याचं पाऊल अजून भिंतीपलीकडे ऐकू येतं. गेमिंग मोडनं हा उशीर बराच कमी होतो, हे खरं. पण बॉक्सवरचे ४० मिलिसेकंद कंपनीनं तिच्या परिस्थितीत मोजलेले असतात. तुझ्या फोनमधली आवाजाची प्रक्रिया त्यात धरलेली असेलच असं नाही. मोजायचंच असेल तर मित्राच्या फोननं ६० फ्रेमचा व्हिडिओ काढ. त्यात गेमची स्क्रीन दिसू दे आणि इअरफोन त्या फोनच्या माइकला टेकव. एक गोळी झाड, मग व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढं सरकवून बंदुकीच्या नळीचा उजेड आणि बार यांच्यातल्या फ्रेम मोज. आधी वायरवर, मग बिनवायरवर. वायरचा आकडा वजा केला की उरतो तो ब्लूटूथचा उशीर.

दुसरा भाग जास्त वाईट, आणि तो कुठल्याच बॉक्सवर छापलेला नसतो. ब्लूटूथला आवाज पाठवायचे दोन मार्ग आहेत. एक फक्त ऐकण्याचा, त्यात स्टिरिओ चांगला येतो. दुसरा कॉलचा, ज्यात ऐकणं आणि बोलणं एकदम चालतं. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये या कॉलच्या मार्गावर आवाज मोनो होतो आणि दर्जाही फोनवरच्या बोलण्याइतका खाली येतो. स्क्वॉडशी बोलायला इअरबडचा माइक चालू केलास की पीसीवर हे हमखास होतं, फोनवर मॉडेल आणि गेमप्रमाणं कमी-जास्त. मोनो झाला म्हणजे डावं-उजवं संपलं, दोन्ही कानांत तेच. ऐन मॅचमध्ये "पायाचा आवाजच येईना गेलाय" म्हणणाऱ्या कितीतरी पोरांचा इअरफोन धडधाकट असतो, फक्त माइक चालू असतो. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण नाही, पण फोन आणि इअरबड दोघांनाही ती यावी लागते. तोवर बिनवायरच वापरायचा असेल तर माइक फोनचा ठेव आणि इअरबड फक्त ऐकायला, गेम तशी निवड देत असेल तर.

यूएसबीला डाँगल लावून २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे इअरबड येतात, ते उशिराच्या बाबतीत वायरच्या जवळ जातात. पण तुझ्या बजेटमध्ये ते घेतलेस तर पैसे रेडिओत जातील, ड्रायव्हरला काही उरणार नाही. शिवाय इअरबडच्या पोटात चिमूटभर बॅटरी असते, आणि गाडीच्या डिकीत उन्हात राहिली की ती लवकर म्हातारी होते. तरी कधी बिनवायर घेतलाच तर बॉक्सवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघ आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून ती नोंदणी कुणाच्या नावावर निघते ते पडताळून घे.

तुला दाखवलेल्या पहिल्या इअरफोनमधली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते, ती म्हणजे माइकची दांडी. वायरवरचा माइक तोंडापासून साधारण १६ सेंटिमीटरवर लोंबतो आणि शर्टाला घासत राहतो. दांडीचा माइक ४ सेंटिमीटरवर येतो. अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर आणल्यावर १२ डेसिबलचा फायदा, आणि मागचा यंत्रमागाचा खडखडाट तेवढाच राहतो. घरी माग चालू असताना खेळणाऱ्याला हे १२ डेसिबल फार मोलाचे आहेत. म्हणून पहिला आणि तिसरा कानात सारखेच बसत असतील आणि बोलण्याच्या चाचणीत दोन्ही पास होत असतील, तर तुझ्यासाठी मी पहिला म्हणेन. १३ एमएमसाठी नाही आणि ७.१ साठीही नाही, दांडीसाठी. बास जास्त असेल तर तो कमी करता येतो, फोनवर वेव्हलेटसारखं ॲप आहे आणि पीसीवर इक्वलायझर एपीओ मोफत आहे. ड्रायव्हर जुळलेले नसतील तर त्यावर असा सोपा उपाय नाही. दुकानदार 'ईएनसी' म्हणाला तर ते तुझा आवाज पलीकडच्याला स्वच्छ जावा यासाठी असतं. तुझ्या कानात येणारा मागाचा आवाज त्यानं कमी होत नाही.

मागाचा विषय निघालाच आहे तर हे जरा लक्ष देऊन वाच. पूर्व भागात आयुष्य मागावर काढलेली माणसं मोठ्यानं का बोलतात हे तुला माहीत आहे. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर राहतो आणि तो वर्षानुवर्षं कान खातो. तू त्याच आवाजात बसून गेमचा आवाज त्याच्या वर नेत असशील तर दोन्ही मिळून तुझ्याच कानावर पडतात. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला आठवड्याचे फक्त अडीच तास. २०२४ च्या जानेवारीत 'बीएमजे पब्लिक हेल्थ'मध्ये गेम खेळणाऱ्यांच्या ऐकण्यावरच्या १४ अभ्यासांचा आढावा आला. खेळतानाचा आवाज बऱ्याचदा सुरक्षित मर्यादेच्या जवळ किंवा वर जातो असं त्यात दिसलं.

नीट बसलेलं रबराचं बोंड बाहेरचा आवाज चांगला दाबतं, विशेषतः खडखडाटाच्या वरच्या पट्ट्या. त्यामुळं गेमचा आवाज खालीच ठेवता येतो, आणि म्हणून मी बसण्यावर इतका भर देतोय. आवाज ठरवायची पद्धत अशी ठेव: माग बंद असताना, शांत वेळी, पावलं स्पष्ट ऐकू येतील इतपत लाव आणि ती जागा लक्षात ठेव. माग सुरू झाल्यावर एक-दोन घरं वर चालेल, त्यापुढं नाही. तेवढ्यानंही भागत नसेल तर ती मॅच माग बंद झाल्यावर खेळ. खेळून उठल्यावर कानात 'कुंई' वाजत असेल किंवा घरच्यांचं बोलणं दबलेलं वाटत असेल तर आवाज जास्तच होता. हे वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरला दाखव, टाळू नको.

फोनला गोल पिनचं भोक नाही म्हणालास. त्यासाठी यूएसबी-सीचा कनव्हर्टर घे, पण आत डॅक असलेला, म्हणजे फोनच्या डिजिटल सिग्नलचा कानात वाजणारा सिग्नल करणारी चिप असलेला. बिनडॅकचे अगदी स्वस्त तुकडे काही फोनवर चालतात, बऱ्याच फोनवर चालत नाहीत. तुझा फोन सोबत नेऊन, लावून, आवाज आणि माइक दोन्ही बघून मगच पैसे दे. खेळताना चार्जिंग लागत असेल तर दोन तोंडांचा कनव्हर्टर मिळतो, मात्र चार्जर लावल्यावर कानात बारीक 'सूं' येते का ते ऐक. मित्राच्या पीसीला पुढं माइक आणि हेडफोनची वेगवेगळी भोकं असतील तर चार पट्ट्यांच्या पिनेला स्प्लिटर लागेल. तो नसेल तर आवाज येईल पण माइक चालणार नाही, आणि तू इअरफोनला नावं ठेवशील.

वायर कुठं तुटते तेही बघून घे, कारण दुरुस्तीला येणारे बहुतेक वायरचे इअरफोन तिथंच गेलेले असतात: पिनेच्या गळ्याशी. वरून रबर शाबूत दिसतं, आत केसासारख्या तारा तुटलेल्या असतात. त्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो आणि मध्ये नायलॉनचे धागे विणलेले असतात, त्यामुळं नुसतं पिळून जोडलं तर चालत नाही. गरम सोल्डरिंग आयर्ननं लाख जाळून, कथील चढवून मगच जोड बसतो. फोन आडवा धरून खेळताना सरळ पिन तळहाताला अडते आणि वाकते, म्हणून काटकोनातली पिन असलेला घेतलास तर जास्त टिकेल. कानाशी वायर सुटी होणारा मिळाला तर उत्तमच. वायर गेली की वायरच बदलायची, पण बदलायला जाताना जुनी सोबत ने, सगळ्यांच्या दोन पिनांचं सॉकेट एकसारखं नसतं. वायर कानामागून घेतली की ती शर्टाला घासल्याचा 'खस्स' आवाजही कानात येत नाही, आणि तो आवाज पावलासारखाच लागतो.

काही महिन्यांनी एका बाजूचा आवाज कमी झाला तर लगेच नवा आणू नको. बोंड काढून नळीच्या तोंडाची जाळी उजेडात बघ. मळ आणि घाम साचून ती बुजलेली असते. तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशनं झाड, सुई घालू नको, पाणी लावू नको. बाहेरच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, ते हवेसाठी आहे. त्यावर स्टिकर किंवा चिकटपट्टी लावू नको, आवाज बदलतो.

पैशाचं गणित असं बसव: इअरफोनला हजार-बाराशे, डॅकवाल्या कनव्हर्टरला पाच-सहाशे, उरले तर सुट्या बोंडांना. आणि बिल घे, त्यावर मॉडेलचं नाव लिहून घे, बदलून देण्याची मुदत विचार. संध्याकाळी गर्दीत नवी पेठेत धड ऐकता येत नाही, दुपारी बारा-एकला जा. काउंटरवरचा माणूस तेव्हा पंधरा मिनिटं निवांत ऐकू देतो.